हिरडीजवळ दाताला खाच पडते, ती कशामुळे?

कीड नाही, दिवसातून दोनदा ब्रश करता, तरी हिरडीलगत नखाला खाच लागते आणि गार पाणी झोंबतं, असं तुम्ही विचारलंय. मी दंतवैद्य आहे. अशी खाच घेऊन येणाऱ्यांत दातांची जरा अतीच काळजी घेणारे बरेच असतात.

आधी आरशात बघा, खाच नेमकी कुठे आहे. उजव्या हाताने घासणाऱ्यांची डावी बाजू बहुधा जास्त झिजते, तीही सुळा आणि त्यामागच्या छोट्या दाढांची, गालाकडून. तिथे दात कमानीत वळतात, ब्रश करवतीसारखा आडवा चालतो आणि जोर तिथेच पडतो. त्यात इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, चघळायच्या बाजूला जाड आणि हिरडीपाशी अगदी पातळ. हिरडी खाली सरकली की उघडं पडणारं मूळ तर त्याहून मऊ.

खरी झीज नुसत्या ब्रशच्या केसांपेक्षा पेस्ट-पावडरीतल्या खरखरीत कणांमुळे होते. गेरू घातलेली लाल पावडर, राखुंडी, कोळसा, मीठ, दात पांढरे करणाऱ्या काही पेस्ट, सगळे त्यातलेच. मिश्री तर सोडाच. ती भाजलेली तंबाखू आहे, झीज हा तिचा सगळ्यात किरकोळ दोष.

दुसरी गोष्ट आंबटाची. सकाळी लिंबूपाणी घेऊन लगेच ब्रश करणारे हल्ली फार दिसतात. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल मऊ पडू लागतं, मूळ त्याआधीच. आणि लिंबाच्या रसाचा पीएच असतो २ ते २.५. त्या मऊ थरावर लगेच पेस्ट फिरली की तो निघून येतो. पित्त झालं की बोटं घालून उलटी काढायची आणि वर दात घासायचे, हेही तसंच. तेव्हा साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

झोपेत दात खाण्याने हिरडीपाशी ताण येऊन तिथला तुकडा उडतो, असंही सांगतात. १९९१ पासून त्याला ‘ॲबफ्रॅक्शन’ हे नाव आहे, पण त्यावर अजून वाद आहे. एकाच दाताला खोल खाच आणि शेजारचे धडधाकट असले, तर मी दात कसे मिटतात ते बघतो. एरवी संशय आधी ब्रशवरच.

ब्रश मऊ घ्या, पेनसारखा धरा, हिरडीकडे तिरका टेकवून जागच्या जागी हलवा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. सुरुवात रोज एकाच बाजूने करू नका. झोंबणं कमी करणारी पेस्ट काही आठवडे वापरून बघा.

खाच खोल असेल तर ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिटने भरता येते, पण हात तसाच चालला तर फिलिंगही निघून येतं. खाच काळी दिसू लागली किंवा टोचल्यावर मऊ लागली, तर तिथे कीड धरली असू शकते. मग पेस्ट बदलत बसू नका, तपासून घ्या.