पाचवीचा गृहपाठ किती?

प्रश्न: मुलगी पाचवीत आहे. रोज दीड तास गृहपाठ चालतो, शेवटी गणितं मीच सोडवून देते. हे योग्य आहे का?

उत्तर: नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास गृहपाठ सांगितलाय. रोज १ तास सहावीपासून. तुमचा कोटा दोन दिवसांतच संपतो!

गृहपाठ असतो तो शिकवलेलं एकटीला जमतं का, हे बाईंना कळावं म्हणून. ८२४ ÷ ८ चं उत्तर ती १३ लिहीत असेल, तर मधलं शून्य सुटतंय: २ ला ८ चा भाग जात नाही, तिथे वर ० लिहून मगच ४ खाली घ्यायचा. तुम्ही खोडून १०३ केलंत, की चूक बाईंपर्यंत पोचतच नाही. २० मिनिटांनी वही मिटा. राहिलेल्या गणितापुढे 'इथे अडलं' असं तिलाच लिहू द्या.