बाबा अनवाणी का फिरत होते?

*माई, मी ३४ वर्षांची, देवगड तालुक्यातली. कणकवलीला एका पतसंस्थेत कामाला जाते. घरी आई, बाबा आणि मी, दादा डोंबिवलीला. बाबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, आता ६६ वर्षांचे आहेत. पाच वर्षं प्रेशरची गोळी चालू होती. दोन महिन्यांपूर्वी मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून ती बंद केली. गोळीने किडनी जाते म्हणे, त्यापेक्षा रोज सकाळी कोकमाचं आगळ पाण्यातून घ्या. काही बोलायला गेलं की 'माका काय्येक झाला नाय'. दिवसभर मोबाईल, नाहीतर बातम्यांचं चॅनेल. हायवे, रिफायनरी, निवडणूक, विषय कुठलाही असो, भांडण ठरलेलं. आईला आठची सिरियल बघू देत नाहीत. गणपतीत मी घराण्याच्या ग्रुपवर एका खऱ्या डॉक्टरांचा व्हिडिओ टाकला आणि वर लिहिलं, 'आमच्या घरच्या डॉक्टरसाहेबांसाठी'. सगळे हसले. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. चिडचिड तर इतकी, की वहाणा घट्ट होतात म्हणून मध्यंतरी अनवाणीच फिरत होते. नव्या आणते म्हटलं तर त्यावरही ओरडले. अशा माणसाला समजवायचं कसं?*

बाये,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्ण तुझ्या बाजूची होते. दुसऱ्यांदा वाचताना वहाणांपाशी अडले. तू ती ओळ चिडचिडीचा पुरावा म्हणून जाता जाता लिहिलीस. मला वाटतं, तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

साठी ओलांडलेल्या माणसाच्या रोजच्या वहाणा एकाएकी घट्ट कशा होतील? वहाण आहे तेवढीच राहते, पाय सुजतो. प्रेशरसाठी सर्रास दिली जाणारी एक गोळी आहे, अ‍ॅम्लोडिपिन. गोळी चांगली, स्वस्त, लाखो लोक घेतात. पण काहीजणांच्या घोट्यांना तिने सूज येते. मला आली होती. संध्याकाळी चपल काढली की पट्ट्याचा वळ पावलावर तसाच उमटलेला, बोटाने दाबलं तर खड्डा पडायचा. मी काय केलं असेल? कुणाला न सांगता गोळी बंद केली. मी, जी इथे बसून दुनियेला सल्ले देते! तीन आठवडे काही झालं नाही, उलट पाय हलके झाले. मग भाचीच्या हळदीला एक नर्स पाहुणी आली होती, तिने सहज सगळ्या बायकांचं प्रेशर बघितलं. माझं १८० वर ११०. मी तेव्हा उभी राहून पुरणपोळ्या मोजत होते, आणि मला कणभरही काही जाणवत नव्हतं. 'माका काय्येक झाला नाय' हे बाबांचं म्हणणं म्हणून खोटं नाही. प्रेशर वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही. डॉक्टरांकडे गेले, खाली मान घालून खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत, दुसरी गोळी दिली. सूज नाही, प्रेशर जागेवर. इतकं साधं होतं.

आता बाबांचं काय झालं असेल ते मी माझ्या अंदाजाने सांगते. पाय सुजायला लागले. आपल्याकडे पाय सुजले म्हटलं की दारावर बसलेला पहिला माणूस म्हणतो, किडनी गेली. ते घाबरले. आयुष्यभर रात्रीच्या गाड्या हाकलेला माणूस, घाबरलो असं मुलीला कसं सांगणार? नेमका तेव्हाच मोबाईलने तो व्हिडिओ समोर आणला. गोळी बंद झाली, आणि थोड्या दिवसांत सूज खरोखरच उतरली. तू 'मध्यंतरी' लिहिलंयस, म्हणजे आता वहाणा पायात बसतात, हो ना? मग त्यांच्या दृष्टीने व्हिडिओवाला खरा ठरला. तू कितीही मोठ्या डॉक्टरांची चित्रफीत आणलीस तरी ते स्वतःच्या पायांवरच विश्वास ठेवणार. मीही ठेवला होता.

माझा अंदाज चुकूही शकतो. त्यांची गोळी कुठली ते तू लिहिलेलं नाहीस, आणि पायाची सूज हृदयाने, किडनीने, लिव्हरनेही येते. म्हणून तर डॉक्टरांना हे कळायला हवं. 'बाबा गोळी घेत नाहीत' अशी तक्रार घेऊन जाऊ नकोस. 'गोळी चालू असताना पाय सुजत होते, बंद केल्यावर उतरले' एवढंच सांग, ते पुढचं बघतील. घरात उरलेली पाकिटं तुमचं तुम्ही परत सुरू करू नका. आणि बाबांची भीती किडनीची आहे ना? मग किडनीच तपासून घ्या. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची साधी तपासणी, दोन्ही एका सकाळीत होतात. वर्षानुवर्षं चढलेलं प्रेशर किडनीचं नुकसान करतं, हे त्यांना तुझ्या तोंडून नको, डॉक्टरांच्या तोंडून कळू दे.

पैशांचा प्रश्न असेल तर तोही सांगून ठेवते. २०१७ साली प्रेशर आटोक्यात ठेवण्याचा सरकारी कार्यक्रम देशातल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला सिंधुदुर्ग होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांतले उपचार मोफत आहेत.

आगळाबद्दल मात्र मला हसू आवरेना. आगळ टिकतं कशामुळे? मिठामुळे. रातांब्याच्या रसात मूठमूठ मीठ घातल्याशिवाय ते वर्षभर राहतच नाही. म्हणजे प्रेशरवाला माणूस प्रेशर उतरावं म्हणून रोज सकाळी खारं पाणी पितोय. दिवसाला सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढं मीठ एका सपाट चहाच्या चमच्यात मावतं. आपल्याकडे जेवणावर सुका बांगडा भाजला, बाजूला आंब्याचं लोणचं घेतलं आणि वरून सोलकढी प्यालो की तो चमचा दुपारीच संपतो. मासे बंद करा असं मी मेले तरी म्हणणार नाही. ताजे खा, सुकं कधीमधी, आगळ कढीपुरतं. हे आईशी बोल, बाबांशी नको. मिठाचा डबा आईच्या हातात आहे.

आता प्रेशर मोजायचं कसं ते. दंडावर पट्टा बांधायचं मशीन घे, मनगटावरचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, विडी नाही. खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. बातम्या चालू असताना तर मोजायचंच नाही, तो आकडा चॅनेलचा येईल. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहायचे, आणि लिहायचे बाबांनीच. ज्या माणसाने नोकरीभर किती किलोमीटरला किती डिझेल लागलं याचा हिशोब दिला, त्याला आकड्याची भाषा तुझ्यामाझ्यापेक्षा चांगली येते. ते सात दिवस कॅलेंडरबद्दल तू अवाक्षर काढायचं नाहीस. डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरच काढून न्या. पण आकडा १८० वर १२० च्या पुढे दिसला तर सात दिवसांची वाट बघत बसू नका, तसेच निघा. आणि तोंड वाकडं होणं, बोलणं जड होणं, एका हातातली ताकद जाणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर आकडाही बघू नका, सरळ १०८ ला फोन.

एवढं सगळं सांगितलं, पण यातलं काहीच होणार नाही, जोवर ग्रुपवरचं मिटत नाही. तू काय केलंस ते बघ. जी गोष्ट परसदारी, दोघांत बोलायची, ती तू चुलते, आत्या, जावई, नातवंडं यांच्यासमोर मांडलीस, तीही गणपतीत, जेव्हा अख्खं घराणं ग्रुपवर जागं असतं. व्हिडिओतलं सगळं बरोबर असेल. 'डॉक्टरसाहेब' हा शब्द मात्र तू हसं व्हावं म्हणूनच लिहिलास, आणि हसं झालं. त्या दिवसापासून गोळी घेणं म्हणजे सगळ्यांसमोर हार मानणं झालं. हायवेवर तुम्ही भांडता, रिफायनरीवर भांडता, त्याच रांगेत तू गोळीलाही नेऊन बसवलंस. तिला तिथून उठव.

माफी मागायची ती त्या एका शब्दाची. 'बाबा, मी ग्रुपवर तसं लिहायला नको होतं, चुकलं माझं.' यापुढे 'पण' आला तर माफी फुकट गेली असं समज. आणि माफी मागितल्यावर त्याच बैठकीत गोळीचा विषय काढलास तर मी तुझं पुढचं पत्र छापणार नाही. दोन दिवस जाऊ दे, मग पायांबद्दल विचार. 'मध्यंतरी पाय सुजायचे काय हो?' एवढंच. माझेही सुजायचे असं एका म्हातारीने कळवलंय, हे सांगितलंस तरी चालेल.

राजकारणाचं माझ्या मते फारसं बिघडलेलं नाही. रिफायनरीवरून इथे सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगणात जात नाहीत, तुमचं तर पानावरचं भांडण. हायवेवर तू त्यांच्याशी वाद घालतेस याचं मात्र नवल वाटतं गो. पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हा तू कॉलेजात असशील, आणि ते रोज रात्री त्या खड्ड्यांतून गाडी काढत होते. नांदगाव तिठ्यापासून हातखंबा, चिपळूण, परशुराम घाट, कशेडी, महाड, पनवेलपर्यंतचं वळण न् वळण त्यांच्या मनगटात आहे. तू काय, रील बघतेस. या एका विषयावर ते बोलतील आणि तू ऐक. कशेडीला बोगदा नव्हता तेव्हा पावसाळ्यात गाडी कशी चढवायचात, असं एकदा विचार आणि चहा ठेव, दीड तास तुझा नाही. निवडणुकीवर भांडायचं तर खुशाल भांडा. दशावतारात राजा आणि राक्षस पाठांतर नसताना तोंडाला येईल ते एकमेकांना सुनावतात आणि नाटक उठल्यावर एकाच किटलीतला चहा पितात, तशी सवय लावून घ्या. दादाला मात्र सांग, डोंबिवलीहून फोनवर काड्या टाकू नकोस, इथे रोज निस्तरायला तू नसतोस.

आईची सिरियल आठ ते साडेआठ, रिमोट आईचा. यात चर्चा नाही. बाबांना तेव्हा पारावर जाऊ दे, जत्रा सुरू झाल्या की ते तसेही घरात सापडणार नाहीत. डॉक्टरांनी नवी गोळी दिलीच तर ती सकाळची चालेल का, तेवढं विचारून घे. रात्रीची असेल तर पहाटेपर्यंत चाललेल्या दशावतारात ती खिशातच राहते, आमच्याकडे राहायची.

आगळाची बाटली ओतू नका, एवढं मीठ-रातांबे फुकट घालवायचे नसतात. कळव मला, पाय कसे आहेत ते. आणि कशेडीचं काय सांगितलं तेही.

— माई