गिऱ्हाईक आधी, आयडिया नंतर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी 26 वर्षांचा आहे, बीकॉम झालंय, अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. भांडुप ते घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रो, रोजचं हेच. स्वतःचा बिझनेस करायची खूप इच्छा आहे पण आयडियाच सुचत नाही, जे डोक्यात येतं ते आधीच कोणीतरी करत असतं. घरचे म्हणतात मराठी माणसाला धंदा जमत नाही, गपचूप नोकरी कर. सुट्टी रविवारची एकच, तीही बाबांना मदत करण्यात जाते. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, मेंटेनन्सची बिलं मीच बनवतो, आणि आता शेजारच्या दोन बिल्डिंगवाले पण आमचे हिशेब बघून दे म्हणून येतात. मग विचार करायला वेळ कधी मिळणार?
एक वाचक, भांडुप

उत्तर: अरे, वेळ कशाला शोधतोस, धंदा तुझ्या दारात येऊन बसलाय आणि तू त्याला रविवारची कटकट म्हणतोयस! दोन बिल्डिंगची माणसं आपणहून तुझ्याकडे काम घेऊन येतात याच्यापेक्षा मोठी खूण कुठली हवी तुला. मार्केट रिसर्चच्या नावाखाली लोक लाखो रुपये घालतात ते हेच कळायला, की कोणाला गरज आहे का.

आपल्याकडे जुन्या बिल्डिंगमध्ये काय असतं तुला माहितीच आहे. वीस-पंचवीस फ्लॅट, सेक्रेटरी रिटायर झालेले काका, पावत्या हाताने फाडलेल्या, कोणी चेक दिला कोणी जीपे केलं त्याचा मेळ लागत नाही, सभासदांच्या नोंदीचा ‘जे’ फॉर्म आणि ‘आय’ रजिस्टर कित्येक वर्षं अपडेट नाही, आणि मग ऑडिटची वेळ आली की पळापळ. दरवर्षी ऑडिट करून घ्यावंच लागतं, 30 सप्टेंबरच्या आत एजीएम म्हणजे वार्षिक सभा घ्यावीच लागते, म्हणजे हे काम एकदा येऊन संपणारं नाही, दरवर्षी दरमहा आहे. मोठ्या टॉवरवाल्यांना सॉफ्टवेअर आणि मॅनेजर परवडतात. छोट्या बिल्डिंगला कोणी वाली नाही. ऑडिट तुला करता येणार नाही, ते सरकारी पॅनेलवरच्या ऑडिटरचं काम, पण त्यांच्यासमोर ठेवायची वही नीट लिहून देणं, बिलं काढणं, थकबाकीची यादी सेक्रेटरीच्या हातात देणं हे तुझं रोजचंच काम आहे.

समज फ्लॅटमागे महिन्याला 40 रुपये धरले, 24 फ्लॅटचे झाले 960. पाच बिल्डिंग म्हणजे 4,800. आकडा मी हिशेबासाठी धरलाय, तुमच्या बाजूचा रेट तू विचारून घे. नोकरी सोडण्याएवढे पैसे हे नाहीत आणि आत्ता सोडूही नकोस. पण त्या दोन बिल्डिंगना या महिन्यापासून स्पष्ट सांग की काम करून देतो, महिन्याचे इतके होतील. ओळखीत पैसे मागायला जीभ अडखळेल, तरी माग. जो फुकट असताना रोज येत होता आणि पैसे म्हटल्यावर यायचा बंद झाला त्याला ती गरज एवढी नव्हती हे तुला कळेल, आणि जो लगेच हो म्हणाला तो तुझा पहिला कस्टमर. एक मात्र कर, ऑफिसचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाच, बाहेरचं काम करू नये अशी अट असेल तर आधी परवानगी घे.

आता आयडियाबद्दल. आधीच कोणीतरी करतंय हे ऐकून तू मागे फिरतोस, मी तर म्हणते ते ऐकून पुढे जावं, कारण त्याचा अर्थ त्या गोष्टीला लोक पैसे मोजतात. ज्याला कोणीच हात लावलेला नाही तिथे बऱ्याचदा गिऱ्हाईकच नसतं. तू फक्त एवढं बघत जा की लोक आत्ता कुठे अॅडजस्ट करतायत. घाटकोपरला मेट्रोच्या लायनीत, तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, रेशनच्या दुकानात, माणसं दिवसभर काही ना काही करवादत असतात, पाणी चढत नाही, प्लंबर येतो म्हणतो आणि येत नाही, आईला डॉक्टरकडे न्यायला कोणी नाही. मोबाइलमध्ये नोट करून ठेव. आणि प्रत्येक तक्रारीखाली लिही की हा माणूस आत्ता त्यावर काय करतो, त्याला किती पैसे किंवा किती वेळ लागतो. नुसती तक्रार करून सोडून देत असेल तर तिथे धंदा नाही, वैतागून का होईना पैसे खर्च करत असेल तर आहे. डबेवाल्यांचं बघ ना, 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरुवात केली तेव्हा घरात जेवण शिजत होतं, ऑफिसातल्या माणसाला भूक लागत होती, मधलं अंतर तेवढं कापायचं होतं.

आणि घरच्यांना सांग, लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते, बढतीत डावललं म्हणून नोकरी सोडली, बेळगावात सायकलच्या दुकानापासून उभं राहात लोखंडी नांगरापर्यंत गेले, आणि तो नांगर विकताना लोखंडाने जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना पटवावं लागलं. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये गिरगावात शाई बनवायला घेतली, त्याचंच पुढे कॅम्लिन झालं. हे सगळे मराठीच होते. जमत नाही म्हणणाऱ्यांशी वाद घालू नकोस, पहिल्या महिन्याचे पैसे आईच्या हातात दे.

प्रश्न: ताई, मी परळला राहते, गृहिणी आहे, वय 43. माझे उकडीचे मोदक सगळ्यांना आवडतात. गणपतीत खूप ऑर्डर येतात, 25 रुपयाला एक देते, सामान 13 रुपयांचं जातं. पण गणपती झाले की वर्षभर काहीच नाही आणि त्या दहा दिवसांतही एवढी मेहनत करून हातात फारसं उरत नाही. कुठे चुकतंय?
एक वाचक, परळ

उत्तर: ताई, हाताला चव आहे, हिशेबात मात्र तुम्ही स्वतःलाच धरलेलं नाही. 21 मोदकांची ऑर्डर घेऊ. विकून आले 525, सामान गेलं 273, उरले 252. त्यातून बॉक्स आणि केळीचं पान 25, गॅस 20, उकडताना दोन फुटले असतील तर त्यांचं सामान 26. राहिले 181. आता नारळ खवण्यापासून उकड मळून, कळ्या पाडून, वाफवून बॉक्स भरेपर्यंत तीन तास धरा, ताशी 60 रुपये पडतात. आणि यात ती पिशवी घेऊन जिने चढायचे कोणी, ते तर धरलंच नाही. भाव वाढवा. गणपतीत तर नक्कीच, आणि आधीच्या गिऱ्हाईकांना नारळाचा भाव सांगूनच वाढवा, बायकांना तो तुमच्याइतकाच माहीत असतो.

दुसरं, वर्षभर काहीच नाही असं का म्हणता? संकष्टी दर महिन्याला येते! दिवसभर उपास करून ऑफिसातून थकून येणारी बाई चंद्रोदयाला नैवेद्य दाखवणार, मोदक करायची ताकद तिच्यात कुठून येणार, ती हलवायाकडून थंड मोदक घेऊन जाते नाहीतर साखर ठेवते. तिला संध्याकाळी सहा ते साडेआठच्या मधे, गरम, 5 किंवा 11 नग, परळ स्टेशनच्या वाटेवर हातात मिळाले तर ती पुढच्या महिन्याचीही ऑर्डर तिथेच देईल. ऑर्डर दोन दिवस आधी बंद करायची, पैसे आधी घ्यायचे, नाहीतर उरलेले मोदक आपल्याच घरात खावे लागतात. अंगारकीला तर हात पुरणार नाहीत, तेव्हा शेजारच्या एका बाईला कळ्या पाडायला घ्या आणि तिला त्याच दिवशी पैसे द्या. ज्यांना मोदक घरीच वळायचे असतात पण खवायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी नुसतं सारण विकून बघा, मला वाटतं ते मोदकापेक्षा जास्त चालेल, कारण त्यात फुटण्याची भीती नाही.

खाद्यपदार्थ विकायला लागणारं एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन मात्र करून घ्या, ऑनलाइन होतं, फी वर्षाला 100 रुपये, नंबर बॉक्सवर छापा. मोठं भांडवल लागत नाही याला. लिज्जतची सुरुवात 1959 मध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर झाली, सात बायका आणि उसने घेतलेले 80 रुपये, आणि पहिले पापड भुलेश्वरच्या ओळखीच्या दुकानदाराला विकले. म्हणजे त्यांनीही सुरुवात ओळखीतूनच केली, पण विकले, वाटले नाहीत.

प्रश्न: एका चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी 4 लाखात मिळतेय, बाबा मुद्रा लोन घे म्हणतात. घेऊ का? मी 23 वर्षांची आहे, मुलुंडला राहते.
एक वाचक, मुलुंड

उत्तर: आत्ता सही करू नकोस. त्याच ब्रँडचं एखादं दुकान गाठ, मंगळवारी दुपारी तीन वाजता, शनिवार-रविवार नको, आणि तासभर समोर उभी राहून किती कप गेले ते मोज. मग गल्ल्यावर बसलेल्याला सरळ विचार की भाडं किती, पगार किती, कंपनीला दरमहा किती जातात, दूध आणि पावडर त्यांच्याकडूनच घ्यावी लागते का. लोक सांगतात गं, धंदेवाल्याला धंद्याबद्दल बोलायला आवडतं. तिथून आलेले आकडे कंपनीच्या एजंटने दिलेल्या कागदाशी ताडून बघ, एजंटला पैसे तुझ्या सहीचे मिळतात, चहाच्या कपाचे नाही.

मुद्राला तारण लागत नाही हे खरं, पण हप्ता लागतो, चहा गेला नाही तरी. मुद्राच्या सगळ्यात छोट्या, शिशु गटात 50 हजारांपर्यंत मिळतात. चहाच विकायचा असेल तर आधी तेवढ्यात काय होतं ते बघ, तुमच्या भागातल्या छोट्या ऑफिसांना आणि क्लासेसना सकाळी अकरा आणि दुपारी चारला थर्मास भरून चहा पोचवायचा, महिन्याचा हिशेब. आधी चार ठिकाणी विचारून ये आणि काय म्हणाले ते मला कळव.