४ आणि ८ वर्षांच्या मुलांना घेऊन केक करताना

तुम्ही लिहिलंय की मागच्या वेळी मुलांना घेऊन केक करायला गेलात आणि अर्ध्या तासात भांडणं, ओटाभर मैदा, शेवटी दोघांना बाहेर पाठवून केक एकटीनेच पूर्ण केलात. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. पुन्हा करून बघायचंय, पण धीर होत नाही. मी आधी माझ्या दोघांना आणि आता भाचरांना घेऊन बरीच वर्षं घरी बेकिंग करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पुन्हा नक्की करा.

माझ्या पाहण्यात भांडणाचं कारण बहुतेक वेळा असं असतं की काम एक आणि त्यावर चार हात. 'जरा हलव', 'जरा धर' अशा तुकड्यातुकड्यांच्या मदतीने मुलांचं समाधान होत नाही. सुरू करण्याआधीच कामं वाटून टाका. मोजमाप आणि अंडी ताईकडे, मैदा चाळणं आणि कागदी कप मांडणं धाकट्याकडे. ज्याचं काम त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं, मध्ये दुसऱ्याने हात घालायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. हेच सगळ्यांत अवघड आहे. चार वर्षांचं मूल चाळताना मैदा सांडणारच. परात मोठी घ्या, खाली वर्तमानपत्र पसरा आणि सांडू द्या.

मोठ्या केकऐवजी कपकेक करा. ते १८-२० मिनिटांत होतात, मोठ्या केकला ३५-४० मिनिटं लागतात आणि तेवढा धीर धाकट्याकडे नसतो. कृती अशी निवडा की मुलांना तोंडपाठ होईल. मी एकाच वाटीचं माप वापरते, साधारण १२५ मिलीची वाटी: १ वाटी दही, २ वाट्या साखर (दीडही चालते), ३ वाट्या मैदा, अर्धी वाटी तेल, ३ अंडी, २ चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. एक दही, दोन साखर, तीन मैदा. दुसऱ्या खेपेला मुलं तुम्हाला सांगतात.

बेकिंग पावडरचा डबा मात्र तुम्ही स्वतः काढून द्या. आमच्याकडे एकदा सारख्याच दिसणाऱ्या डब्यांमुळे तेवढाच खाण्याचा सोडा पडला. केक काळपट झाला आणि साबणासारखा कडवट लागला. लेक रडकुंडीला आली होती. तेव्हापासून आधी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघायचं काम मुलांनाच देते. फसफसली तर पावडर चांगली आहे, आणि केक कशाने फुगतो हेही त्यांना डोळ्यांसमोर दिसतं.

अंडं फोडताना वाडग्याच्या कडेवर आपटू देऊ नका, कवच आत घुसतं. सपाट ओट्यावर एकदा टक् करायचं, चीर पडली की दोन्ही अंगठे त्यात धरून उघडायचं, तेही वेगळ्या छोट्या वाटीत. कवचाचा तुकडा पडलाच तर बोटाला तो निसटत राहतो. अर्ध्या कवचाच्या कडेने काढला की लगेच येतो. माझी भाची पहिल्यांदा हे जमल्यावर ती वाटी घरभर दाखवत फिरली होती. नंतर साबणाने हात धुवायचेच.

मुलांना ढवळायला फार आवडतं आणि नेमका तिथेच केक बिघडतो. मैदा ओला झाल्यावर जास्त घोटला की ग्लुटेन तयार होऊन केक चिवट होतो. म्हणून दही, साखर, तेल, अंडी एकत्र करून ते दोघांना पाळीपाळीने हवं तेवढं फेटू द्या, तिथे काही बिघडत नाही. मैदा आणि बेकिंग पावडर शेवटी, आणि मोठ्याने मोजत २५ वेळा ढवळायचं. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. धाकट्याला आकडे मोजायला मिळाले की तो खूश.

भांडं चाटण्याबद्दल मी ठाम आहे: नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो हे आपल्याला माहीत असतं, पण मैदासुद्धा कच्चाच असतो आणि त्यातूनही ई. कोलायसारखे जंतू पोटात जाऊ शकतात. नुसतं नाही म्हणून मूल ऐकत नाही, त्यामुळे आधीच वितळवलेल्या चॉकलेटची छोटी वाटी बाजूला ठेवा आणि ती चाटायला द्या.

ओव्हन १८० अंशांवर १०-१५ मिनिटं आधी लावून ठेवा. कप दोन तृतीयांशच भरा. ओव्हनपासून हातभर अंतरावर जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावा, मुलांनी तिच्या अलीकडे बसून काचेतून बघायचं. आत-बाहेर करणं फक्त तुमचं. पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही, कारण केक आतून बसलेला नसतो आणि गार हवा लागली की मधे खचतो. मग टूथपिक टोचून बघा, कोरडी आली की झाला.

पहिल्या वेळी आयसिंगच्या फंदात पडू नका. चहाच्या गाळणीतून पिठीसाखर भुरभुरवायला धाकट्याला द्या. गरम केकवर ती विरघळून जाते, त्यामुळे अर्धा तास तरी थांबावं लागतं. तेवढ्यात दोघांच्या हातात एकेक ओलं फडकं द्या, ओटा पुसून होतो.