आमच्याकडे नुसता माळ आहे, मुलांना काय दाखवू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातल्या एका गावातल्या तरुण मंडळाचा कार्यकर्ता आहे. गणपतीची थोडी वर्गणी शिल्लक आहे, त्यातून मुलांसाठी निसर्गाचा एखादा कार्यक्रम घ्यावा असं ठरलंय. मुलं-मुली बारा ते सोळा वर्षांच्या, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या. अडचण अशी की आमच्याकडे जंगल नाही, नुसता उजाड माळ आहे. माळावर वृक्षारोपण करावं, की बस करून मुलांना लांबच्या एखाद्या अभयारण्यात न्यावं?

उत्तर : बस करू नका आणि माळावर झाडं तर मुळीच लावू नका. गावात, शाळेपाशी, रस्त्याकडेला हवी तेवढी लावा. तुमच्याच जिल्ह्यात नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. ते 1979 साली जाहीर झालं ते अशाच गवताळ रानासाठी. माळढोक दिसणं आता फार दुर्मीळ झालंय, पण धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी आणि खोकड, लांडगा हे सगळे या रानाच्याच आधारानं राहतात. त्यांना चहूकडचं दिसेल अशी मोकळी जागा लागते. झाडांची दाटी झाली की जमिनीवर अंडी घालणारे पक्षी तिथून उठतात. माळात लावलेल्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांच्या रांगा दिसल्या की माझ्या पोटात तुटतं. चांगल्या मनानं केलेलं काम माळाच्या मुळावर येतं.

आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, आणि ते तर सोलापुरात जन्मलेले. 12 तारीख पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या जन्मदिवसाची. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ धरा. भाषण, प्रमुख पाहुणे, हारतुरे काही नको. साडेचारला पंधरा-वीस मुलं घेऊन माळावर जा.

आधी पाखरांच्या मागे लागू नका, मुलांना खाली बसवा. नोव्हेंबरात कुसळी गवत वाळलेलं असतं, ते पायमोज्यांत घुसतंच. त्यातलं एक लांब शेपटीचं कुसळ प्रत्येकाच्या तळहातावर ठेवा आणि शेपटीच्या पिळावर पाण्याचा थेंब टाका. पीळ उलगडू लागतो आणि कुसळ आपोआप गरागरा फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. ओल्या-सुक्याच्या या फिरण्यातूनच ते बी स्वतःला मातीत रोवून घेतं. नववीतली आडदांड पोरं यावर अर्धा तास भांडताना मी पाहिली आहेत, कुणाचं जास्त फिरलं म्हणून. तोवर मोबाइलची आठवणही कुणाला होत नाही.

मग सूर्य कलला की गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून तरंगत येणारे शिकारी पक्षी शोधायला सांगा. ते भोवत्या. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या भोवत्यांपैकी काही पार कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतात. इथं नाकतोड्यांवर ताव मारतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर, घोळक्यानं झोपतात. ते उतरतात ती जागा सापडली तर लांबच थांबा, बॅटरी मारू नका. दुर्बीण एक-दोन असल्या तरी पुरे, आळीपाळीनं बघू द्या.

आणि वाटाड्या म्हणून बाहेरचा तज्ज्ञ शोधत बसू नका. तुमच्या माळावर रोज मेंढरं चारणारे एखादे आजोबा असतीलच. लांडगा कुठल्या ओढ्यानं उतरतो, धाविक कुठल्या मुरमावर पळतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांना मानानं बोलवा आणि त्या दिवसाची मजुरी द्या. वर्गणीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. तणकट काढायला रानात जाणाऱ्या बायकांनाही बोलवा. गवतांची नावं त्यांच्याकडून कळतील, आणि बरोबर आई-मावशी आहेत म्हटल्यावर घरचे मुलींना संध्याकाळी पाठवतील. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा कार्यक्रमांत मुलीच मागे राहतात.

एकदाच करून सोडलंत तर ती सहल झाली. महिन्यातून एक फेरी ठेवा आणि वही मुलांच्या हातात द्या : तारीख, वेळ, काय दिसलं, किती दिसले. नाव येत नसेल तर चित्र काढू दे. पुढे ज्याला गोडी लागेल तो ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकेल. पावसाळ्याच्या तोंडाशी फेरी असेल तेव्हा पाऊल जपून टाका. टिटवीची अंडी उघड्या खड्यांतच असतात आणि रंगानं खड्यांसारखीच दिसतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की समजा, जवळच आहेत. आल्या वाटेनं मागे फिरा.

गावातली कुत्री बरोबर येऊ देऊ नका. माळ वनखात्याच्या हद्दीत असेल तर वनरक्षकाला आधी भेटा. खोकडाचं किंवा लांडग्याचं बीळ दिसलं तर त्याचा फोटो काढून, जागा सांगून मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका, हे मुलांना निघायच्या आधीच बजावा.