नाव नवे, क्रियापद जुने

प्रश्न : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी पाळीप्रमुख आहे. आमच्या विभागातील एका व्यक्तीने, यापुढे मला नव्या नावाने हाक मारा आणि माझा उल्लेख स्त्रीलिंगी करा, असे सांगितले आहे. मनात दुरावा नाही, पण जीभ वळत नाही. कागदोपत्रीही जुनेच नाव आहे. बैठकीत प्रत्येकाने आपले सर्वनाम सांगावे, असा नियम करावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, कारण मराठीत लिंग केवळ सर्वनामात नसते, ते क्रियापदात आणि विशेषणातही असते. समोरासमोर 'तुम्ही आलात का', 'जेवलात का' म्हणताना ते दिसत नाही. 'त्यांनी अहवाल दिला', 'त्यांना विचारा' हेही स्त्री-पुरुष दोघांना सारखेच लागू पडते. खरी परीक्षा 'ते आले' की 'त्या आल्या' येथे होते, आणि ती बहुधा त्या व्यक्तीच्या पाठीमागे, चहाच्या टपरीवर होते. तेथेही 'त्या आल्या' असेच म्हणा. चुकलात तर शब्द लगेच दुरुस्त करून पुढे बोला. चारचौघांत लांबलचक माफी मागितली, तर तुमची समजूत घालण्याचे काम उलट त्यांच्यावरच येऊन पडते. लग्नानंतर बदललेले सहकारी महिलेचे आडनाव आपण काही दिवसांत अंगवळणी पाडतोच, आणि त्यासाठी तिच्याकडे राजपत्र मागत नाही.

पगार, भविष्य निर्वाह निधी आणि बँक येथे अधिकृत नोंदीशी जुळणारे नाव लागते, त्यामुळे ती नोंद बदलेपर्यंत तेथे जुने नाव राहील. पाळीचा तक्ता, छातीवरचा बिल्ला, ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट मात्र तुमच्या हातात आहे. तेथे नवे नाव आजच लिहा. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केली असून प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. तुमच्याकडे तो नेमलेला आहे का, हेही पाहा.

नियम मात्र करू नका. ज्यांना आपली ओळख अजून कोणाला सांगायची नाही, त्यांना भर बैठकीत एक तर खोटे बोलावे लागेल, नाही तर मनाविरुद्ध उघड व्हावे लागेल. तुम्ही स्वतः हवे तर ई-मेलच्या सहीखाली आपले सर्वनाम लिहा. ज्यांना वाटेल ते लिहितील. आणि विभागातील इतरांना ही गोष्ट कोणी, केव्हा सांगायची, हे आधी त्या व्यक्तीलाच विचारा.