स्फोटाआधीची मिनिटं

रत्नागिरी

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

आषाढ लागला, देवगडला आकाशच दिसत नाही, दुर्बीण गुंडाळून ठेवू का, असं विचारलंयस. ठेव खुशाल. तुला गॅमा किरण-स्फोटांचं, म्हणजे दूरच्या अवकाशातून अवचित येणाऱ्या गॅमा किरणांच्या झोतांचं, काम करायचंय ना, मग पावसाचं दुःख कशाला? हे किरण ऐन थंडीतल्या निरभ्र रात्रीही जमिनीपर्यंत येत नाहीत, वातावरण त्यांना गिळतं. १९६७ साली ते पहिल्यांदा टिपले तेही अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकी वेला उपग्रहांनी. तुला लागेल तो डेटा, आणि अ‍ॅस्ट्रोसॅट या आपल्या भारतीय खगोल-उपग्रहाचा डेटा घरबसल्या उतरवता येतो.

माझं ऐकशील तर पहिले काही आठवडे स्फोटाकडे बघूच नकोस. स्फोट नसतानाही उपकरणात किरण-कण आदळून नोंदी पडतच असतात, हीच पार्श्वभूमी, आणि उपग्रह फिरतो तसा त्यांचा आकडा चढतो-उतरतो. दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या पट्ट्याजवळ तर इतका, की तिथे उपकरणं बंद ठेवतात. भरती चढत असताना लाटेची उंची काढायची, तर पाणी किती चढलंय ते आधी कळायला हवं. म्हणून स्फोटाच्या आधीची आणि नंतरची काही मिनिटं घे, त्यांतल्या नोंदींमधून जाणारी रेघ, म्हणजे वक्र, बसव, मग तो स्फोटाच्या नोंदींतून वजा कर.

समज, सेकंदाला सरासरी ४०० नोंदी येतायत. त्यात वर्गमुळाइतका, म्हणजे २० चा चढउतार आपसूक असतो. ४४० दिसले म्हणून हुरळू नकोस. हजार सेकंदांत असं वीस-पंचवीस वेळा होणारच. ५०० दिसले तर मात्र उठून बस, आणि त्याच क्षणी फर्मी किंवा स्विफ्ट या नासाच्या उपग्रहांनाही काही दिसलं का, ते ताडून बघ.

वजाबाकीनंतर उरलेल्या नोंदींपैकी ५ ते ९५ टक्के जमायला लागलेला वेळ म्हणजे टी-९०, स्फोटाच्या कालावधीचं माप. पार्श्वभूमी चुकली की आधी बिघडतो तो हाच. टी-९० दोन सेकंदांहून कमी तर न्यूट्रॉन ताऱ्यांची, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांची, टक्कर, जास्त तर महाकाय तारा कोसळला, हे पुस्तकी वाक्य पाठ कर, पण त्यावर विसंबू नकोस. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट पन्नासेक सेकंद चालला, आणि मागे खुणा सापडल्या त्या टकरीच्या!

सुरुवात ६ ऑक्टोबर २०१५ च्या स्फोटापासून कर. अ‍ॅस्ट्रोसॅटवरचं सीझेडटीआय हे क्ष-किरण टिपणारं उपकरण तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, आणि स्फोट त्याच्या रोखापासून ६० अंश बाजूला. तरी टिपला गेला, कारण एवढ्या ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंतींना पुरते अडत नाहीत. मला त्याचा हाच गुण सगळ्यात आवडतो.

वक्र दोन तऱ्हांनी बसव, टी-९० किती हलतो ते काढ, आणि गणपतीत येशील तेव्हा दोन्ही आलेख घेऊन ये. एकच आणलास तर बघणार नाही.

तुझे सर